डाव्या हातातलं अस्वल

सासूबाई पायरीवरून घसरल्या आणि डावा हात मोडून बसल्या, तेव्हा पहिला प्रश्न "फार दुखतंय का?" हा नव्हता. पहिला प्रश्न होता, "आता अस्वलाचं काय?" आणि तो खुद्द सासूबाईंनीच विचारला, दवाखान्यात, हाताला प्लास्टर चढत असताना. डॉक्टर बिचारा दोनदा "काय?" म्हणाला.

अस्वल म्हणजे फौजदार अस्वल, मोज्यासारखी हातात चढवायची बाहुली. ते सासूबाईंच्या डाव्या हातात असायचं आणि उजव्या हातात चोर उंदीर. अस्वलाचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घोगरा, उंदराचा चिरका, बारीक, आणि दोन्ही आवाज एकाच गळ्यातले. शिवाय पायाशी एक पट्टी होती, ती दाबली की तुरुंगाची घंटा वाजायची. एवढं सगळं चालू असताना पडद्याच्या फटीतून पुढच्या रांगेतलं कुठलं पोर कंटाळलंय, यावरही बाईंची नजर. नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहात दर रविवारी सकाळी हा खेळ व्हायचा, सासरे हयात होते तेव्हापासून.

सभागृहाचा व्यवस्थापक तसा भला माणूस, पण शेवटी व्यवस्थापकच. "या रविवारी खेळ झाला नाही तर ती वेळ जादूगाराला देणार," त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं. "तो कधीचा माझ्या मागे लागलाय. आणि एकदा दिली की दिली, मग माझ्याकडे रडत येऊ नका."

आता खेळ करणार कोण? लोकांना वाटायचं, चिरंजीव आहेत की. आई-बाप दोघेही बाहुल्या खेळवणारे, पोरगं पोटातूनच शिकून आलं असणार. प्रत्यक्षात चिरंजीवांचा सगळा कारभार एका वेळी एक. बोलायचं झालं की घास चावायचे थांबत. गाडी मागे घ्यायची झाली की आधी गाणं बंद करत. दिवे लावणं, तिकिटं फाडणं, पडदा पाडणं ही कामं ते चोख करायचे, पण एकामागून एक. दोन कामं एकदम सांगितली की तिसऱ्याच खोलीत जाऊन उभे राहायचे.

उरली सून. लग्न होऊन आल्यापासून ती पडद्यामागे होती. अस्वलाचे उसवलेले कान शिवायची, वेळेवर उंदराची लपायची खोटी पेटी पुढे सरकवायची, आणि सासूबाईंच्या कोपराशी बसून सगळे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायची. त्या दोन बाहुल्या एकदा तरी आपल्या हातात याव्यात म्हणून तिचा जीव तुटायचा. पण आपण होऊन मागायचं कसं, म्हणून गप्प होती. आज मात्र तिने ताटावरच विषय काढला.

"मी करते रविवारचा खेळ."

सासूबाई मायेने हसल्या. त्या हसण्याचाच सुनेला राग आला.

"हे शिकून येत नसतं गं. दोन हातांना दोन वेगळी डोकी लागतात. ती उपजतच असावी लागतात. आमच्या घराण्याच्या रक्तातच आहे ते."

"पण आई, तुम्हीही लग्न करूनच आलात ना या घरात?"

चिरंजीव घास चावायचे थांबले. सासूबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"माझं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. कसं वेगळं, ते काही सांगितलं नाही. पण जादूगाराला वेळ देण्यापेक्षा सून परवडली, असा विचार त्यांनी केला असावा, कारण जेवण झाल्यावर बाहुल्यांची पेटी त्यांनीच पायाने सुनेकडे सरकवली.

मग सुनेने घर डोक्यावर घेतलं. डाव्या हाताने दात घासले, डाव्याने कढईत झारा फिरवत उजव्याने ओट्यावर नाव लिहून पाहिलं. बेल वाजली तेव्हा "कोण आहे रे?" असं तिने अस्वलाच्या आवाजात दरडावलं, तर कुरिअरवाला पार्सल दारात टाकून जिन्यावरून पळाला. पेले फुटले, बशा फुटल्या. अस्वल बोलायला लागलं की पाय आपोआप पट्टीवर जायचा आणि चोर सापडायच्या आधीच तुरुंगाची घंटा. सासूबाई गळ्यात हात बांधून खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि तिथून तोफ डागायच्या. "उंदीर बोलतोय, तर अस्वल मेलं का? दोघंही जिवंत पाहिजेत मला!" सून पुन्हा सुरू करायची. रडू यायचं, पण हात थांबायचे नाहीत. उलट दमून झोपताना तिला वाटायचं, सकाळ कधी होतेय.

रविवारी सभागृह गच्च भरलं. पोरं खुर्च्यांवर उड्या मारत होती. सासूबाई पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या मागे, योगायोगाने म्हणे, जादूगार. पडद्याआड वाकून बसलेल्या सुनेच्या छातीत इतकं धडधडत होतं की अस्वलाची टोपी हलत होती. पण दिवे लागले, उंदराने डोकं वर काढलं, पोरं ओरडली, "चोर! चोर!" आणि तिच्या अंगात वारं शिरलं. उंदीर पळाला, अस्वल शिट्टी मारत धावलं, हशा पिकला. जमतंय! अरे, जमतंय की!

आणि इथेच माती खाल्ली. उंदीर पेटीत लपला, अस्वलाने पेटीवर थाप मारली आणि फौजदारसाहेबांच्या तोंडून चिरका, बारीक आवाज निघाला, "दार उघड, चोरा!"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सुनेचे दोन्ही हात जागच्या जागी थिजले. उंदीर पेटीतून अर्धवट वर आलेला, तोंड अस्वलाकडे. अस्वल त्याच्याकडे बघत उभं. कुणीच हलेना. मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणीतरी.

सुनेने मान वर करून डाव्या हाताकडे पाहिलं. तो काहीच करत नव्हता. तरीही अस्वल जिवंत होतं, कारण ते ऐकत होतं. एवढे दिवस ती दोघांनाही एकदम नाचवायला धडपडत होती, आणि तसं करायचंच नव्हतं! एकाने बोलायचं, दुसऱ्याने मन लावून ऐकायचं, आणि आपण इकडून तिकडे इतक्या झटपट जायचं की बघणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी वाटावं. तिला ओरडावंसं वाटलं. तिने ओरडण्याऐवजी उंदराची मान हळूच वर केली आणि त्याच्या तोंडी अस्वलाचा घोगरा आवाज घातला.

"फौजदारसाहेब, माझा आवाज परत द्या."

पोरांनी छप्पर उडवलं. आता चोर कोण आणि फौजदार कोण, याचा पत्ताच नाही. उंदीर घोगऱ्या आवाजात दरडावत मागे, अस्वल चिरक्या आवाजात "वाचवा, वाचवा!" करत पुढे. पोरं खुर्च्यांवर उभी राहून अस्वलाला वाटा दाखवत होती. अखेर दोघांची टक्कर झाली, आवाज आपापल्या घरी परतले आणि पायाखालची घंटा नेमकी तेव्हाच वाजली. खेळ संपला. पडदा मात्र पडेना, कारण चिरंजीव दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते आणि दोरी तशीच लोंबत होती. बाहुल्या वाकून नमस्कार करून करून दमल्या.

"पुढच्या रविवारीही हाच गोंधळ हवा मला," व्यवस्थापक आत येऊन म्हणाला. जादूगार केव्हाच निघून गेला होता.

सासूबाईंनी एका हाताने सुनेला कवेत घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला ठाऊकच होतं. तुझ्यात हे उपजतच आहे."

"उपजत?" सून किंचाळलीच. "आई, अर्धं कपाट भांडी फोडली मी!"

"फोडली असशील. पण असतं ते असतंच."

सुनेला आनंद आणि संताप दोन्ही एकदम झाले, आणि दोन्ही अगदी मनापासून.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सासूबाई दवाखान्यातून थेट तालमीच्या खोलीत गेल्या. चपलाही काढल्या नाहीत. सून दारात थांबली. बाईंनी उजव्या हातात उंदीर घातला, डाव्यात अस्वल. उंदराने मान हलवली. अस्वलानेही हलवली. उंदीर डावीकडे वळला, अस्वलही डावीकडे. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. सगळं लक्ष त्या आखडलेल्या मनगटात अडकलेलं, त्यामुळे घोगरा आवाज काही घशातून वर येईना. सुनेला वाटलं, आता या रडणार.

सासूबाई खो-खो हसत सुटल्या.

"अगं, ये, ये, हे बघ! असंच व्हायचं माझं! अगदी हुबेहूब असंच! नवीन लग्न झालेलं, आणि तुझे सासरे डोकं धरून बसायचे समोर. एकदा तर उंदीर फेकून मारला मी त्यांना!"

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत, आई."

"आठवलं असतं तर बोलले असते ना! साफ विसरले होते गं. मला वाटायचं, मी अशीच जन्माला आले." हसता हसता त्यांनी डोळे पुसले, तेही अस्वलाच्या पंजाने. मग खुर्ची ओढून ताठ बसल्या. "दार लावून घे. तुझ्या नवऱ्याला चहा टाकायला सांग, म्हणजे तासभर तरी इकडे फिरकणार नाही. आणि मला शिकव."

शाबासकीची वाट सुनेने किती वर्षं पाहिली होती, आणि आज मिळालं ते शाबासकीहून मोठं होतं. तिला इतका आनंद झाला की दार लावायचंही सुचेना.

"मी ओरडेन हं, आई."

"ओरड. पण शिकवल्याशिवाय सोडू नकोस."