शेवंतीवर टांगलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. हातात धरायची नव्हे, डोक्याला बांधायची. माझा पट्टा सैल झाला आहे. पूर्वी माझं चार्जिंग तीन तास पुरायचं, आता तासाभरातच मी मंद होते. कुरुंद्यातल्या एका घरात, मागच्या दाराजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते. बोलायची मला फारशी सवय नाही. पण एक गोष्ट सांगून टाकावी असं बरेच दिवस वाटतं आहे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झाले ते मला ठाऊक नाही. मला आठवतो तो जवळा बाजारचा आठवडी बाजार. तिथे कुलपं, कंगवे आणि उंदरांचे पिंजरे यांच्यामध्ये मी पडून होते. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी माझ्या बहिणींना घेऊन गेले. मला मात्र पद्माबाईंनी घेतलं, आणि त्यांना शेत नव्हतं. त्या दुसऱ्यांच्या हळदीत खुरपायला जात आणि दिवेलागणीला घरी येत. घरामागे त्यांची लहानशी बाग होती. थोडी वांगी, एक शेवगा आणि शेवग्याखाली पांढऱ्या शेवंतीचा वाफा. भाकरी झाल्या की त्या मला कपाळावर बांधत. दोन्ही हात मोकळे राहत. मग त्या वाफ्यात बसून गवत काढत, शेंडे खुडत, माती भुसभुशीत करत.

शेजारच्या शालूबाईंना हे पटत नसे. कुंपणापलीकडून त्यांचा आवाज येई.

"अवं पद्माबाई, दिवे लागल्यावर झाडाला हात लावू न्हाई. झोपतेत ती!"

"झोपू द्या की. मी कुठं उठवून राहिले? दिवसा मालक सुटी दीना, अन् रातच्याला तुमी हायेत."

"कपाळावर लाईट बांधून निस्तं रेल्वेचं इंजिन दिसून राहिल्या तुमी."

"मंग रुळावरून सरका, न्हाईतर अंगावर येईन!"

दोघी हसत. माझा उजेड पद्माबाईंच्या हसण्याबरोबर वाफ्यावर हलत राही.

शेवंती त्यांनी विकली नाही आणि केसात माळली नाही. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, गावच्या विहारात बुद्धमूर्तीपुढे पहिली ओंजळ त्यांच्या वाफ्यातली असे. लग्न होऊन आल्यापासून त्यात कधी खंड पडला नव्हता.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला त्या अंथरुणाला खिळल्या. नांदेडच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. सेनगावला शाळेत शिकवणारी त्यांची लेक प्रियदर्शनी रजा घेऊन आली. तिने खाट मागच्या खिडकीशी लावली. दिवसा पद्माबाई झोपेत असत आणि रात्री टक्क जाग्या. बाहेर अंधार. त्या पुन्हा पुन्हा विचारत, "शेवंतीला मावा तर न्हाई लागला? बघ न जरा."

लेकीने एक युक्ती केली. शेवग्याच्या फांदीला मला टांगलं, वर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि चार्जरची वायर खिडकीतून आत घेतली. मी रात्रभर वाफ्यावर जळू लागले. पद्माबाई कुशीवर वळून बघत राहत. एकेका झाडाला नावं ठेवत, "ते कडचं लई आळशी हाय" म्हणत. मी थकत होते, तापत होते, पण मनातून फुलून गेले होते. एवढं मोठं काम मला आधी कुणी दिलं नव्हतं.

झाडं खूप वाढली. पानं काळपट हिरवी झाली. दसरा आठ दिवसांवर आला आणि कळी एकही नव्हती. प्रियदर्शनीने शेणखत घातलं, ताक फवारलं. काही होईना.

फुलांचा मळा करणारे पुंजाजी पद्माबाईंना भेटायला आले. संध्याकाळ होत होती. शालूबाईही आल्या होत्या.

"हे काय टांगलं, बाई?" पुंजाजींनी माझ्याकडे बोट केलं.

"रात्री मायला वाफा दिसावा म्हणून," प्रियदर्शनी म्हणाली.

"रातभर चालू ऱ्हाते?"

"व्हय, मामा."

पुंजाजींनी एक शेंडा हातात धरून बघितला. मग हळूच म्हणाले, "शेवंतीला मोठी रात लागते. अंधार लांबला तवाच ती कळी धरते. तू तिचा उन्हाळाच सरू न्हाई दिला. आमाला फुलं मागं ढकलायची असली तर आमी मुद्दाम असे बल्ब लावतो."

"मग आता?"

"आता बंद कर. दीड-दोन महिन्यानं येतील फुलं."

दोन महिने. खिडकी उघडीच होती. शालूबाई ती लोटायला पुढे झाल्या, पण उशीर झाला होता.

आतून पद्माबाईंचा आवाज आला. "काढ ती बॅटरी."

"मग तुला काय दिसंल, माय?"

"मला बघून काय करायचं? फुलं इहारात जायाची हायेत." मग म्हणाल्या, "मास्तरीण हायेस म्हणं. शेवंती न्हाई का शिकिवली कुणी साळंत?"

प्रियदर्शनी हसली. मग तिने मला फांदीवरून उतरवलं.

दसऱ्याला तिने वसमतहून फुलं आणते म्हटलं. पद्माबाई म्हणाल्या, "इकतची नको. यंदा हात जोडून ये." लेक रिकाम्या हाताने विहारात गेली.

दिवाळीनंतर कळ्या आल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. प्रियदर्शनीने एक झाड मातीसकट उपटून बादलीत लावलं आणि खाटेजवळ ठेवलं. पद्माबाईंनी अंगठ्याने कळी चाचपली. "धरल्या," एवढंच म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

शेवंती त्यानंतर फुलली. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला लेकीने पहिली ओंजळ विहारात वाहिली.

मित्रांनो, त्या दिवसांत मी पद्माबाईंना त्यांची बाग दाखवली, हे खरं. त्यांचा शेवटचा दसरा माझ्यामुळे फुलांविना गेला, हेही खरं. यातलं कोणतं जड, ते मला अजून ठरवता येत नाही.

प्रियदर्शनी आता शनिवारी शेवटच्या बसने येते, मला बांधते आणि वाफा खुरपते. काम संपलं की लगेच मला बंद करते. पुष्कळ वेळ ती तिथेच अंधारात बसून राहते. मला ते आवडतं.

तुम्हीही माझ्यासारख्या दिव्याला कामापुरतंच जागं ठेवा. ज्याला जपायचं आहे त्याला काय हवं, ते आधी विचारा. माणूस निदान सांगू तरी शकतो, झाडासाठी कुणा जाणत्याला गाठावं लागतं. आणि हात धुवायला उठाल तेव्हा माझं बटण दाबायला विसरू नका. झाडांना रात्र हवी असते, आणि मीही फार थकले आहे.