बाईंची पहिली गुंतवणूक

जिना चढून दमला असाल तर टेका जरा माझ्या भिंतीला. मी तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझ्या पहिल्या मालकाच्या दोन मुलांचं भांडण जुंपलं, आणि चार वर्षं माझ्यात कबुतरांनीच संसार केला.

मग एका दुपारी वाचनालयातल्या बाई आल्या. निवृत्तीनंतरचा आधार म्हणून घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं, असा त्यांचा बेत होता. या विषयावरची चार पुस्तकं वाचून, वही भरून त्या तयारीनिशी आल्या होत्या. वहीतलं पहिलं वाक्य होतं : भाड्याने द्यायच्या घरात जीव गुंतवू नये.

सोबत त्यांचे यजमान होते. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "ओली लागतेय."

"ओली नाही साहेब, थंड आहे," एजंट म्हणाला. "उन्हाळ्यात दुवा द्याल मला."

बाईंचं लक्षच नव्हतं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. "अहो, ऊन बघा ना कसं येतंय!" आणि वहीतलं पहिलं वाक्य तिथेच बाराच्या भावात गेलं.

माझं मात्र नशीब उघडलं. रंग झाला, नळ बदलले, ओटा चकचकीत झाला. पण भाडेकरू काही मिळेना, कारण बाईंना एकही पसंत पडेना. एकाने दार आपटलं, दुसरीने छताकडे बघून नाक मुरडलं. तिसऱ्याला तर बाईंनी नळ बंद करून दाखवायला लावला!

सहा महिने मी नटूनथटून रिकामाच. शेवटी यजमान वैतागले. "अगं, भाडेकरू शोधतेयस की जावई?"

त्यानंतर आले पोहायला शिकवणारे मास्तर. एकटा जीव, सामान बेताचं. आल्या आल्या त्यांनी भिंत चाचपली आणि म्हणाले, "ताई, ही भिंत ओली आहे. पण चालेल. माझा जन्म पाण्यातच गेलाय." या खरेपणावर बाई खूश झाल्या. किल्ली दिली. दुसरी मात्र स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

झालं! दर रविवारी बाई हजर. कधी कपाटाला तेल, कधी फरशीची पाहणी. मास्तर संकोची, चहा करून द्यायचे. पण एका रविवारी ते न्हाणीघरात असताना बाई कुलूप उघडून आत आल्या आणि बाहेरूनच ओरडल्या, "मास्तर, पाणी फार सांडताय हं!"

आतला नळ बंद झाला. मग आवाज आला, "ताई, घर तुमचं आहे, कबूल. पण अंघोळ माझी आहे!"

दुसऱ्याच दिवशी मास्तरांची चिठ्ठी गेली : महिनाअखेरीस घर सोडतो. पुन्हा कबुतरं!

बाई यजमानांना घेऊन आल्या, तेव्हा मास्तर कामावर गेले होते. दाराबाहेर जिन्यातच बसल्या. डोळ्यांत पाणी. "मी काय वाईट केलं हो? काळजीच घेतली ना?"

यजमान शेजारी टेकले. "वाचनालयातून एखाद्याने पुस्तक घरी नेलं, तर त्याच्या मागे जाऊन पानं कशी उलटतो ते बघतेस का?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग पर्समधली किल्ली काढली, कागदात गुंडाळली, वर दोन शब्द लिहिले आणि दाराखालून आत सरकवली. 'चुकले. राहा.'

मास्तर राहिले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भिंतीत खिळा ठोकला. कळ आली, पण खरं सांगतो, खिळा ठोकल्याशिवाय माणूस घराला आपलं म्हणत नाही.

तीन महिन्यांनी मास्तरांनीच बाईंना चहाला बोलावलं. बाई आल्या, बेल दाबली. वाट पाहिली. पुन्हा दाबली. शेवटी दार ठोठावलं.

"मास्तर, अहो बेल वाजत नाही तुमची!"

"आल्यापासूनच बंद आहे, ताई," मास्तर हसत म्हणाले. "तुम्ही कधी वाजवलीच नाहीत."

काल वायरमन येऊन गेला. आता मी असा खणखणीत वाजतो की चौथा मजलाही दार उघडतो. तुम्हीही कधी माझ्यासारखं घर घेतलंत, तर हौसेने घ्या, रंगवा, भाड्याने द्या. फक्त आत शिरण्याआधी बेल तेवढी वाजवा.