कुणी खाली न ठेवलेली तलवार

मी एक जुनी तलवार आहे. मित्रांनो, तलवार म्हटल्यावर लगेच रक्ताच्या चिळकांड्या डोळ्यांपुढे आणू नका. माझ्या पात्याने आजवर साधी काकडीसुद्धा चिरलेली नाही. मला धारच नाही, कधी लावलीच नाही. तरीही तुमच्यापैकी पुष्कळांनी मला राजांच्या गळ्याला टेकलेली आणि मेलेल्या सैन्यांमधून वाट काढणारी वाचली आहे. वणव्या नावाच्या त्या भटक्या वीराची तलवार म्हणजे मीच.

सध्या मी एका प्रकाशकाच्या कार्यालयात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी, काचेच्या कपाटात उभी असते. डोक्यावर एक दिवा आहे. कार्यालय बंद झाले तरी तो बंद होत नाही, त्यामुळे झोप ही गोष्ट मी विसरून गेले आहे. येणारेजाणारे पेला भरता भरता माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "खरी आहे का हो ही?" काय उत्तर द्यावे?

माझा जन्म मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या पाट्यातून झाला. ट्रकखाली असताना मी निमूटपणे ओझी झेलत होते. मग एक दिवस लोहाराने मला भट्टीत घातले आणि घणाखाली धरले. समोर स्टुलावर एक किडकिडीत माणूस खोकत बसला होता. ते माझे धनी. एका छापखान्यात ते मुद्रिते तपासत आणि घरी येऊन गोष्टी लिहीत.

लोहाराने विचारले, "तलवार कशाला हवी? कुणाला मारायचंय का?"

"नाही हो, लिहायचंय," धनी म्हणाले.

"मग पेन घ्या की!"

लोहार हसला, पण त्याने काम चोख केले. मुठीवर चामडे गुंडाळून त्याने मला धन्यांच्या हाती दिले, तेव्हा धनी माझ्या वजनाने पुढे झुकले. तोल सावरून ते म्हणाले, "अशीच हवी होती. जड."

आता धन्यांची कामाची रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. लढाईचा प्रसंग आला की धनी लेखणी खाली ठेवत, टेबल भिंतीला सरकवत आणि मला उचलत. समोर धनीणबाई कपडे वाळत घालायची काठी घेऊन उभ्या राहत. कधी त्या दरोडेखोर असत, कधी अस्वल, आणि बहुतेक वेळा भस्म्या मांत्रिक. मग त्या खोलीत खरोखरीची झटापट होई. जे खोलीत जमले तेच कागदावर उतरे. जे जमले नाही ते वणव्यालाही जमत नसे.

धन्यांना दमा होता. चारदोन वार केले की ते भिंत धरून खाली बसत, आणि मग वणव्याही ऐन लढाईत भिंत धरून खाली बसे. वाचकांनी असा धापा टाकणारा वीर कधी पाहिला नव्हता. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. धनीणबाई म्हणत, "अहो, तुमच्या खोकल्याला केवढी कीर्ती मिळाली!"

एकदा त्यांची काठी धन्यांच्या बोटांवर अशी बसली की रक्त आले. बाईंनी पट्टी बांधली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना लोहाराकडे पिटाळले. "त्या मुठीपुढची आडवी पट्टी चांगली रुंद करून आणा. बोटं गेली तर लिहाल कशानं?" त्या पट्टीला परज म्हणतात. माझी परज अशी रुंद झाली आणि पुन्हा धन्यांची बोटे फुटली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

भस्म्या मांत्रिकाबद्दलही सांगायला हवे. तो माणसे मारत नसे. तो त्यांना मरू देत नसे. रणात पडलेल्या सैनिकाजवळ तो बसे, त्याची स्वतःची तलवार त्याच्या हातात ठेवी, थंड पडलेली बोटे एकेक करून मुठीभोवती मिटवी आणि म्हणे, "ऊठ. अजून काम बाकी आहे." मग ते बिचारे प्रेत उठून पुन्हा लढू लागे, पुन्हा पडे, पुन्हा उठे. वणव्याचे सगळे आयुष्य या दमलेल्या मेलेल्यांना झोपवण्यात गेले. त्याला मरणाची भीती नव्हती. आपल्यालाही कुणी असे उठवील, याची होती.

शेवटच्या पुस्तकाच्या वेळी धन्यांचा दमा फार वाढला. मला उचलायला दोन्ही हात लागत, मग तेही पुरेनात. एका दुपारी त्यांनी टेबल सरकवायला बाईंनाच सांगितले आणि शेवटचा प्रसंग करून पाहिला. वणव्याला जखम वर्मी लागली आहे. मांत्रिक यायच्या आत त्याला आपली तलवार नाहीशी करायची आहे. तो सरपटत एका विहिरीपाशी जातो आणि तलवार आत सोडून देतो.

विहीर म्हणून कोपऱ्यातले पाण्याचे पिंप होते. धन्यांनी मला अलगद त्यात सोडले.

"अहो, प्यायचं पाणी आहे ते!" बाई ओरडल्या आणि हसत सुटल्या.

धनी पिंपाला टेकून बसले होते. तेही हसले. "आता बरं वाटतंय बघ," ते म्हणाले. "आता त्याला कुणी उठवणार नाही. उद्या लिहून काढतो."

उद्या काही त्यांनी लिहिले नाही. सकाळी बाई त्यांच्या तोंडात घालायला पाणी घ्यायला धावल्या तेव्हा मी पिंपातच होते. पेला माझ्या मुठीवर खणकन आपटला. माझ्या टोकाला जो गंज दिसतो तो त्या पाण्याचा आहे, आणि कुणी तो घासला की मला राग येतो.

प्रकाशक भेटायला आले. शोकसभेत त्यांनी धन्यांना साहित्यातला सूर्य म्हटले. जिवंतपणी भेटीसाठी याच सूर्याला तासन्‌तास बाकावर बसवले होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरे काय! जाताना त्यांनी अपुरे हस्तलिखित उचलले आणि मलाही.

"भाऊजी, शेवट मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्यांनी करून दाखवलाय. वणव्या मरतो. तेवढं लिहून घ्या."

"वहिनी, वणव्या मेला तर वाचक मला जिवंत ठेवतील का?" प्रकाशक म्हणाले. ते हसून बोलले, पण बोलणे तिथेच संपले. पहिले पुस्तक छापून येणार या आनंदात धन्यांनी वणव्यावरचे सगळे हक्क लिहून दिले होते. बाईंच्या हाती फक्त काठी उरली.

मग आले मास्तर. शाळेत शिकवणारे, सुवाच्य अक्षराचे गृहस्थ. वणव्या पुढे चालवण्याचे काम त्यांना मिळाले, आणि त्यासाठी एक छोटा समारंभ झाला. प्रकाशकांनी मला मास्तरांच्या हातात ठेवले. छायाचित्रासाठी मास्तरांची पकड नीट दिसत नव्हती, म्हणून प्रकाशकांनी त्यांची बोटे एकेक करून माझ्या मुठीभोवती मिटवली. मित्रांनो, माझ्या पात्यातून शिरशिरी गेली. ही बोटे मिटवण्याची रीत मी कुठे पाहिली होती, ते तुम्हाला सांगायला नको.

मास्तरांनी टेबल कधी सरकवले नाही. त्यांच्या पुस्तकात मी हवेत उडू लागले, ठिणग्या सोडू लागले, एकदा तर चक्क बोलले! वणव्या डोंगरावरून उड्या मारी आणि त्याला साधा घामही येत नसे. विहिरीचा शेवट गेला, त्याजागी भलामोठा विजय आला. पुस्तके धडाधड खपली. आयत्या बिळावर नागोबा म्हणून मी मास्तरांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण मास्तर वाईट नव्हते. एकदा कपाटाशी एकटे उभे राहून ते हळूच म्हणाले, "आता काय लिहू गं? सगळे मारून झाले." तेही दमले होते, पण वणव्याला दमवायचे त्यांना कधी सुचले नाही. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि ते येईनासे झाले.

त्यांच्या जागी एक लेखिका आली. लहानपणी धन्यांची पुस्तके तिने पांघरुणात शिरून वाचली होती. पुन्हा समारंभ झाला, पुन्हा बोटे मिटवली गेली. पण या मुलीने मला हातात घेतल्यावर पहिला प्रश्न केला, "इतकी जड? मग तो उड्या कसा मारतो?" मला तिथेच ती आवडली. अभ्यासाला हवी म्हणून तिने मला मागून घेतले आणि थेट धनीणबाईंच्या घरी नेले.

बाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. काचबिंदूने दृष्टी गेली होती. त्यांनी मला चाचपले, टोकाचा गंज सापडला तेव्हा बोट तिथेच थांबले.

"काकू, मला खरा शेवट लिहायचाय," लेखिका म्हणाली.

"मग आधी टेबल सरकव," बाई म्हणाल्या. "आणि दारामागं काठी असेल ती दे."

त्या दुपारी मी पुन्हा लढले. आंधळी म्हातारी मांत्रिक झाली आणि ती मुलगी वणव्या. मुलगी धापा टाकत भिंतीशी बसली तेव्हा बाई म्हणाल्या, "हं, आता लिही. आता तुला कळेल." लेखिकेने लिहिले. जसे झाले होते तसेच लिहिले आणि प्रकाशकांच्या हाती दिले. त्यांनी वाचून मान डोलावली, म्हणाले, "छान." बाई त्या दिवसांत नीट जेवू लागल्या होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "एवढं छापून आलं की मी मोकळी."

पुस्तक आले. बांधणी झालेली पहिली प्रत लेखिकेने न उघडताच बाईंकडे आणली. मी तिच्याच जवळ होते, मलाही आणले. तिने शेवटचे प्रकरण वाचायला घेतले. वणव्या सरपटत विहिरीशी पोचला. त्याने तलवार सोडली. पाण्याचा आवाज झाला. तो काठाला टेकून बसला आणि त्याने डोळे मिटले. बाईंचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, आणि गालांवरून पाणी वाहत होते, पण चेहरा हसरा होता.

लेखिकेने पान उलटले आणि ती वाचता वाचता थांबली.

"काय झालं गं?"

"काकू... पुढं अजून आहे."

"मग वाच की."

"हे मी लिहिलेलं नाही."

"वाच."

तिने वाचले. भस्म्या मांत्रिक विहिरीशी आला. गळ टाकून त्याने तलवार वर काढली, वणव्याच्या हातात ठेवली, थंड बोटे एकेक करून मुठीभोवती मिटवली. "ऊठ. अजून काम बाकी आहे." आणि वणव्याने डोळे उघडले. खाली पुढच्या भागाची जाहिरात होती.

मग बाई म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा दमवणार त्याला. किती दमलाय तो, पोरी. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलंय." आणि एकदम उठल्या. "ती तलवार घे. चल माझ्याबरोबर."

घरामागच्या अंगणात सामाईक विहीर होती. त्या काय करायला निघाल्या ते मला कळले. मला सांगायला लाज वाटत नाही, मला आनंद झाला. अंधार, थंड पाणी, तळाचा गाळ. आता कुणी मला कुणाच्या हातात ठेवणार नव्हते.

विहिरीवर लोखंडी जाळी बसवली होती. मुले पडू नयेत म्हणून. बाईंना ती कधी दिसलीच नव्हती. लेखिकेने माझे पाते गजांमधून आत सोडले. टोक गेले, पाते गेले, खालचा गारवा मला लागला, आणि मी अडकले. माझी परज गजांवर आडवी बसली होती. लेखिकेने मला तिरके केले, उलटे केले, जोराने दाबले. जाळीला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

बाईंनी हात पुढे करून परज चाचपली. "ही मीच रुंद करून घेतली होती," त्या म्हणाल्या. "त्यांची बोटं वाचावीत म्हणून." त्या हसल्या, आणि हसता हसता जाळीवर डोके टेकून रडू लागल्या. इतके मोठ्याने त्या धनी गेले तेव्हाही रडल्या नव्हत्या.

संध्याकाळी प्रकाशकांचा माणूस मला न्यायला आला. तलवार हरवली असे लेखिका म्हणू शकली असती. ती तसे म्हणाली नाही. खाली मान घालून तिने मला त्याच्या हवाली केले. मी तिला दोष देते का? देते. पण हेही सांगते, की पुढचे पुस्तक तिने लिहायला नकार दिला. ते दुसऱ्या कुणीतरी लिहिले.

थंडी सरायच्या आत धनीणबाई गेल्या. फोन आला तेव्हा प्रकाशक माझ्यासमोरच पाणी पीत होते. "अरेरे," ते म्हणाले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "नवीन भाग वहिनींना अर्पण करू." त्या भागातही वणव्या लढतोच आहे. पुढच्या आठवड्यात आणखी एक नवे लेखक येणार आहेत. मला पुसून ठेवले आहे.

मित्रांनो, काच पुसा किंवा गंज काढा असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. कधी ते पुस्तक तुमच्या हाती आले, आणि वणव्या विहिरीच्या काठाला टेकून डोळे मिटतो तिथे तुम्ही पोचलात, तर पान उलटू नका. पुस्तक मिटा आणि हळूच खाली ठेवा. मिटलेल्या पुस्तकात मांत्रिकाचा हात शिरत नाही. मला कुणी खाली ठेवले नाही, पण त्याला ठेवणे तुमच्या हातात आहे. त्याला झोपू द्या. तो फार दमला आहे.