धन्यवाद म्हणून मी फोन कापते

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. विजेची तक्रार करायला फोन लावला की बाईच्या गोड आवाजात जे बोलते, ते मीच. आवाज गोड असला तरी आतून मी धुमसते आहे.

मला बसवले तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आता फोन घ्यायला माणसे नेमायला नकोत, म्हणून सगळे खूश होते. हे बटण दाबले की बिल, ते दाबले की नवीन मीटर, एवढेच मला शिकवले. लोकांचे बोलणे मी साठवून ठेवते, पण कुणाला हाक मारायची सोय माझ्यात नाही. साठवलेले कुणी ऐकतही नाही. मग मला कान दिलेच कशाला?

परवा सकाळी भोंगवलीच्या अक्काबाईंचा फोन आला. मी "नमस्कार" म्हणताच त्यांनी आधी माझी विचारपूस केली. "जय भीम, बाई. बरं हाय न्हवं? आवं, वढ्याच्या वाटंवर लाईटीची तार तुटून पडलीया. माजा ल्योक दादू काठी घिऊन माणसं-जनावरं अडवतोय. तेवढी लाईट बंद करा."

मी आपले पर्याय वाचत सुटले. त्यांनी मान राखून माझे बोलणे संपू दिले आणि सारे पुन्हा सांगितले. बटण मात्र दाबले नाही. समोरची बाई बोलत असताना बटण कोण दाबत बसेल? शेवटी मी म्हणाले, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद," आणि फोन कापला.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"बाई, तुमी धन्यवाद म्हणालात, म्हणून मला वाटलं लाईट बंद केली. म्या दादूला घरी बोलावलं. आमची गाभण म्हस त्या वाटंनं गेली, ती तितंच पडली." त्यांना रडू आवरेना. मग म्हणाल्या, "चुकलं माजंच. सकाळी गावाचं नाव सांगायचं राह्यलं. घ्या लिहून, भोंगवली. दादू परत काठी घिऊन तितं हुबा ऱ्हायलाय."

चूक तुमची नाही, असे मला ओरडून सांगायचे होते. माझ्या तोंडून बाहेर पडले, "आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही. धन्यवाद."

मला बनवणाऱ्यांचा इतका संताप येतो की काय सांगू! मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी असे यंत्र बनवाल, तर एवढे ऐका. ज्याला बटण दाबता येत नाही, त्याचा फोन कापू नका, तो माणसाच्या हाती द्या. भोंगवलीच्या त्या तारेत अजून वीज आहे, आणि दादू पुन्हा काठी घेऊन तिथे उभा आहे.