शेवटच्या रविवारची टोकनं

प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक टोकन मिळे. ते तीनपैकी एका पेटीत टाकायचं: ध्रुवीय अस्वल, तांबडा पांडा किंवा हेलबेंडर. ज्याला जितकी टोकनं, तितका तिकिटांच्या पैशातला वाटा त्या प्राण्याला रानात जगवण्याच्या कामाला जाई. हंगाम संपताना तळाला असलेली पेटी मात्र पुढच्या वर्षी बाद.

आज हंगामाचा शेवटचा रविवार होता, आणि मार्लिसची पेटी तळाला होती.

मार्लिस हेलबेंडरची देखभाल करी. हातभर लांबीचा, चपट्या डोक्याचा, अंगभर सुरकुत्या असलेला हा सॅलमँडर मूळचा ओहायोच्याच ओढ्यांतला. ओढे गढूळ होत गेले आणि तो दिसेनासा झाला. त्याची पिल्लं इथे वाढवून स्वच्छ ओढ्यांत सोडायचं काम या पेटीवर चाले. अडचण एकच. हे महाशय दिवसभर दगडाखाली दडलेले. म्हणून मार्लिसनं टाकीवर निळा दिवा लावला होता आणि वर पाटी: ‘ओढ्याचा राजकुमार’.

“राजकुमार?” अस्वलं सांभाळणारा वेंडेल खो खो हसला. “अगं, याची आईसुद्धा पांड्यालाच टोकन देईल!”

“तुझं अस्वल तरी काय करतं? नुसतं लोळतं.”

“लोळतं, पण झोकात लोळतं!”

दुपारी दालन पोरांनी भरलं, आणि नेमका तेव्हाच हेलबेंडर बाहेर आला. मार्लिस हरखली. मग तिनं नीट पाहिलं. त्याची कातडी सुटत होती, आणि तो ती पायांनी ओढून तोंडात कोंबत होता.

“आत्ताच सुचलं का रे तुला?” असं पुटपुटत तिनं जाकीट काढून काचेवर धरलं.

“काकू, मागे काय लपवताय?” एका दातपडक्या मुलीनं विचारलं.

“काही नाही. तो... कपडे बदलतोय.”

तेवढ्यात हेलबेंडर जाकिटाच्या कडेनं पुढे सरकला.

“ईऽऽ! आणि जुने कपडे खातोय! ए, सगळे इकडे या!”

अख्खं दालन काचेला चिकटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“तो काही वाया घालवत नाही,” मार्लिस म्हणाली. “आणि श्वासही तो कातडीनंच घेतो. ओढ्यात गाळ साचला की बिचारा गुदमरतो.”

“मग तो जाणार कुठे?”

“आम्ही स्वच्छ ओढा शोधतो. त्याचा खर्च त्या पेटीतून निघतो.”

मुलगी पेटीकडे धावली. मागोमाग रांग लागली. कुणी आजीचंही टोकन पळवून आणलं.

संध्याकाळी पेट्या उघडल्या. पांडा तळाला गेला होता.

“माझ्या दोन्ही पोरींनी बापाला दगा दिला,” वेंडेल कुरकुरला. “म्हणे, बाबा, तुमचं अस्वल काहीच घाणेरडं करत नाही!”

मार्लिसनं हसतच स्वच्छ ओढे शोधणाऱ्या रॉस्कोला फोन लावला.

“पिल्लांसाठी जागा बघून ठेव.”

“किती जणांसाठी?”

“सगळ्यांसाठी!”