कमरोद्दीनचा उजवा पाय

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. माझ्या पोटात आता तेलापेक्षा राग जास्त आहे.

माझा जन्म लुधियान्याच्या कारखान्यातला. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. जालन्याच्या एका दुकानात काही दिवस काचेमागे मिरवले, आणि मग सरकीच्या पोत्यांबरोबर टेम्पोत हादरे खात कुंभार पिंपळगावला आले. कमरोद्दीन शिंप्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याने माझ्या चाकाला अत्तराचा फाया लावला, बिस्मिल्ला म्हटलं आणि उजवा पाय पायडलवर टेकवला. तुम्ही माणूस चेहऱ्यावरून ओळखता, मी पायावरून ओळखते. तो पाय हलका होता, पण ठाम होता. मला तो फार आवडला.

काय दिवस होते ते! बाजाराच्या दिवशी घराच्या ओसरीवरल्या दुकानासमोर चपलांचा ढीग पडायचा. शाळेचे गणवेश, नवरीची पोलकी, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं माझ्या सुईखालून गेलं. कमरोद्दीनची शिवण उसवायची तर कापडच फाडावं लागतं, असं लोक म्हणत. त्याची बायको अकबरबी माझ्या शेजारी बसून काजं-बटणं करायची आणि तोंडाने त्याला टाके घालायची. कारण एकच, सिगारेट.

शिवताना दोन्ही हात कापडात गुंतलेले. म्हणून तो पेटती सिगारेट माझ्या फळीच्या कडेला ठेवायचा, जळतं टोक बाहेर. शिवण संपली की एक झुरका. कामाच्या नादात विसरला की फळी जळायची. माझ्या कडेला काळ्या खड्ड्यांची रांगच उठली. मला वाटायचं, नुकसान माझंच होतंय. किती खुळी होते मी!

पायाचं दुखणं मला सगळ्यांच्या आधी कळलं. पायडल मध्येच थांबायला लागलं. तो पाय उचलून चोळायचा आणि पुन्हा टेकवायचा, तेव्हा तो गार लागायचा, भर उन्हाळ्यातसुद्धा. मग अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आणि त्याची जखम भरेना. जालन्याच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पायातल्या रक्ताच्या वाटा सिगारेटने बंद होत आल्या आहेत. सोडली तर पाय वाचेल, एक जरी ओढत राहिलात तर कापावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

त्याने सोडलीसुद्धा, पुन्हापुन्हा. सकाळी सोडायचा आणि दुपारी चहाबरोबर धरायचा. पाकीट मोडून नालीत टाकायचा आणि तासाभरात लंगडत टपरीकडे जायचा. शिवण वाकडी जायची, गिऱ्हाइकावर उगाच खेकसायचा. एकदा अकबरबीसमोर लहान मुलासारखा रडला. मित्रांनो, हसू नका. लोखंडाची असून मला त्याचं रडणं सोसलं नाही.

मग रमजान आला. शिंप्याच्या घरी तो सगळ्यात धावपळीचा महिना. रोजा ठेवून कमरोद्दीन दिवसभर ईदचे कपडे शिवायचा आणि सिगारेटचं नाव काढायचा नाही. दरवर्षी तसंच. पण संध्याकाळी रोजा सोडताना खजूर तोंडात असतानाच त्याचा हात खिशाकडे जायचा.

अकबरबी म्हणाली, "दिनभर अल्लाके वास्ते छोडते, शामकू मेरे वास्ते छोडो ना."

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "ठीक है. ये महिना बिलकुल नहीं."

तिने आनंदाने डोळे पुसले. त्याने महिन्याचीच बोली केली होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि त्याच्याही नाही.

तो महिना मात्र त्याने पाळला. संध्याकाळी खजुरानंतर अकबरबी त्याच्या तोंडात लवंग ठेवायची. पहिला आठवडा त्याने दात-ओठ खात काढला. नंतर हळूहळू पायात ऊब आली. जखमेवर खपली धरली. पायडल पुन्हा पूर्वीसारखं चालायला लागलं आणि मी वेडी गातच सुटले.

ईदच्या सकाळी सर्जेराव आले. चांगले बागायतदार, कमरोद्दीनचे लहानपणापासूनचे मित्र. दर ईदला शीरखुर्मा खायला यायचे आणि येताना भारी सिगारेटचं पाकीट आणायचे. प्रेमाची भेट होती ती. मनात कपट असतं तर मला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"न्हाई राव, सोडली मी," कमरोद्दीन म्हणाला.

"अरे, रोजे संपले न्हाई का आता? सणाच्या दिवशी कशाचा उपास? घे जल्दी. एकानं काय होतंय?"

कमरोद्दीनने दाराकडे पाहिलं. अकबरबी आत वाट्या भरत होती. महिना पुरा झाला होता, चांद दिसला होता. त्याने उपास धरला होता, तो सुटला. सगळ्या गावाला ते बरोबर वाटलं, त्यालाही वाटलं. सिगारेट सुटली नव्हती मित्रांनो, ती नुसती रोज्याला बसली होती.

एकाची दुसरी झाली आणि दुसरीची पाकिटं. पावसाळ्यात बोट गेलं. दिवाळीच्या सुमारास मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय गेला. माझ्या पायडलवर धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. ज्या पावलाच्या तालावर मी जगले, ते कुठे टाकून दिलं, हेही मला कोणी सांगितलं नाही.

सर्जेराव रडले. स्वतःच्या खर्चाने त्यांनी मला विजेची मोटर बसवून दिली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मोटर सुरू झाल्यावर त्यांना बरं वाटलं. ते बाकावर टेकले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने खिशातून पाकीट काढून त्यांनी मित्रापुढे धरलं.

अकबरबीच्या हातातलं बटण खाली पडलं. "भाऊ, आणखी एक पाय राह्यला, म्हणून देऊन राह्यले का?"

सर्जेरावांचा हात तसाच राहिला. कमरोद्दीन मात्र पाकिटाकडेच बघत होता. अजूनही! बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने मान फिरवली आणि कोरड्या आवाजात बायकोकडे लवंग मागितली.

ती लवंग किती दिवस पुरेल, मला माहीत नाही. मित्रांनो, मला तेल घालू नका, फडक्याने पुसू नका, माझी काही तक्रार नाही. पण ईदला आमच्याकडे आलात तर शीरखुर्मा खा, गळाभेट घ्या आणि खिशात हात न घालता घरी जा. कमरोद्दीनला अजून डावा पाय आहे. तेवढा त्याचा त्याला राहू द्या.