बान्नाच्या दुकानाखालचा खंदक

मित्रांनो, मी एक जुना किल्ला आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवर, लष्करी रस्त्याच्या कडेला पडलो आहे. माझे दगड लोकांनी मेंढ्यांच्या वाड्यांना नेले, त्यामुळे आता मला कोणी किल्ला म्हणत नाही. पण एके काळी मी चांगला दणकट होतो.

मला थ्रेस या दूरच्या प्रांतातून आलेल्या सैनिकांनी बांधले. येणारेजाणारे माझ्या भिंतीचे कौतुक करत. बाहेरच्या खंदकाकडे कोण बघणार? खरा राखणदार मात्र तोच होता. त्याच्या तळाशी एक अरुंद चर होता. शत्रू खाली उतरला की पाय त्यात अडकून घोटा मोडायचा. दर महिन्याला तो चर उपसायचा, असा नियम होता.

मग वीस वर्षे शांततेत गेली. आधी चुलीतली राख खंदकात पडली, मग हाडे, मग फाटके जोडे. राखेची पहिली टोपली पहारेकरी मुकात्राने टाकली होती, मला पक्के आठवते. किल्ल्याचा नायक तार्सा याने डोळेझाक केली. खंदक बुजला, आणि मुकात्राने त्यावर चक्क घर बांधले.

त्याच्यावर रागावणे मला जड जाते. पंचवीस वर्षांची चाकरी संपेपर्यंत सैनिकाची बायको कायद्याने बायको नसे, तिला किल्ल्यात राहता येत नसे. म्हणून त्याने बान्नाचे, आपल्या बायकोचे, घर आणि जवाच्या दारूचे दुकान थेट माझ्या भिंतीला टेकवले. गवताचे छप्पर भिंतीवरच्या कठड्याला लागत होते.

"आता मध्ये एवढी भिंतच राहिली," तो म्हणे.

"तीही पाडशील एक दिवस," बान्ना हसायची. "आधी नायकाला दोन घागरी पाज, मग पाड."

चाकरीचे अठरा दिवस उरले असताना, भर दुपारी, उत्तरेचे लोक चालून आले. रस्त्यावरच्या मनोऱ्यातल्या चौघा पहारेकऱ्यांची मुंडकी त्यांच्या भाल्यांवर होती. तार्साने दरवाजे लावून घेतले. बाहेरच्या वस्तीतली माणसे दारावर हात आपटत राहिली आणि तिथेच कापली गेली. त्यांचे रक्त दाराखालून आत आले.

मुकात्राने भिंतीवरून दोर सोडला. बान्नाने लेकीला त्याला बांधले. पोर वर पोचते तोच हल्लेखोरांना ते छप्पर दिसले.

पहिला जण छपरावरून कठड्यावर आला. त्याच्या कुऱ्हाडीने मुकात्राशेजारच्या सैनिकाचा चेहरा दुभंगला. मुकात्राने त्या हल्लेखोराच्या पोटात तलवार खुपसली. तोवर छपरावर वीसेक जण चढले होते.

तार्साने मुकात्राच्या हातात पेटता पलिता कोंबला. "टाक छपरावर!"

"नायक, ती खाली आहे!"

"आणि आत पाचशे माणसं आहेत! टाक म्हणतो ना!"

मुकात्राचा हात उठेना. तेवढ्यात खालून ओळखीचा आवाज आला.

"नुसता उभा काय राहिलास, मेल्या? पोरीला घेऊन लांब हो!"

बान्नाने आतूनच चुलीतले जळते लाकूड गवताला लावले. छप्पर भडकले आणि वरच्या माणसांसकट कोसळले. जे रांगत बाहेर पडले, त्यांना सैनिकांनी भाल्यांनी भोसकले. बाकीचे पळाले. मी वाचलो. मला त्याची अजून लाज वाटते.

पुढचे अठरा दिवस मुकात्रा एकटाच खंदक उपसत होता. कोणाला फावडे लावू दिले नाही. चराच्या तळापर्यंत गेला. मग त्याच्या चाकरीतून सुटकेचा, बायकोला कायद्याने बायको ठरवणारा धातूचा पत्रा कोरायला कारकून आला.

"बायकोचं नाव?"

"बान्ना."

"अरे, पण ती तर..."

"कोर."

लेकीचा हात धरून तो रस्त्याने निघून गेला.

मित्रांनो, भिंतींचे कौतुक खुशाल करा. पण कोणी खंदकात राखेची पहिली टोपली टाकू लागला, तर त्याचा हात धरा. मुकात्राचा मला धरता आला नाही. मला हात नव्हते.